३५० आसनांच्या नाट्यगृहाचे हॅलोजन काढून एलईडी बसवायचे आहेत: खर्च खरंच वसूल होतो का?

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका शैक्षणिक संस्थेच्या नाट्यगृहासाठी सल्ला हवा आहे. ३५० आसनं, मंच ३२ फूट रुंद, २४ फूट खोल. सध्याची यादी अशी: प्रेक्षागृहातल्या समोरच्या बारवर (दिवे टांगायची आडवी नळी) १००० वॅटचे १० पीसी (गुळगुळीत भिंगाचे दिवे), मंचावरच्या बारवर १००० वॅटचे १२ फ्रेनेल (रेषा असलेल्या भिंगाचे), १६ पार-६४ (डब्यासारखे, रंगांसाठी) आणि सायक्लोरामासाठी (मंचामागचा पांढरा पडदा) १००० वॅटचे ६ फ्लड. एकूण ४४ दिवे, ४४ किलोवॅट. ४८ चॅनलचे डिमर (उजेड कमी-जास्त करणारी यंत्रं; १२ चे चार रॅक, चॅनलमागे १० अँपिअर) आणि ४८ फेडरचा (सरकत्या कळांचा) साधा बोर्ड.

वर्षाला साधारण ९० वेळा हॉल लागतो: नाटकं, एकांकिका, स्नेहसंमेलनं, गाण्याचे कार्यक्रम. विजेचा दर सगळे आकार धरून युनिटला १४ रुपयांच्या आसपास पडतो.

एका विक्रेत्यानं सगळंच एलईडी करण्यासाठी २२ लाखांचं कोटेशन दिलं आहे, जीएसटी धरून. त्यात ४४ फिक्स्चर आणि नवा कंट्रोलर, बाकी काही नाही. “वीज ८० टक्के वाचते, दोन वर्षांत पैसे वसूल” असं त्यांचं म्हणणं. हॅलोजन दिवे लवकरच बंद होणार, म्हणून घाई करा, असंही सांगितलं. विश्वस्तांपुढे आकडे मांडायचे आहेत. हे गणित बरोबर आहे का? आणि कोटेशनमध्ये काय राहून गेलं आहे?

सातपूर_मीटर
आधी त्यांचं “दोन वर्षं” कुठून आलं ते बघा. ४४ किलोवॅटच्या जागी ८.८ किलोवॅट, म्हणजे ३५.२ किलोवॅटचा फरक. तो रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस धरला तर ८४,४८० युनिट होतात. १४ रुपयांनी ११.८ लाख. २२ भागिले ११.८, की दोन वर्षांच्या आतच वसुली. गुणाकार चोख आहे, पण तो दुकानाच्या दिव्यांचा आहे. नाटकात सगळे दिवे एकाच वेळी पूर्ण लागलेले कधी दिसतात? आणि हॉल ३०० दिवस चालतच नाही.

तुमच्या वापरावर पुन्हा मांडतो. एका प्रयोगाला सेटिंग धरून ५ तास. सरासरी भार ३५ टक्के, म्हणजे १५.४ किलोवॅट, ७७ युनिट. ९० वेळा म्हणजे ६,९३० युनिट. एलईडीवर तेच काम सरासरी ४ किलोवॅटमध्ये होईल (यात दिवा अंधारात असतानाही फिक्स्चर जे खातं ते धरलं आहे). ५ तासांना २० युनिट, वर्षाला १,८०० युनिट. बचत ५,१३० युनिट, सुमारे ७२,००० रुपये.

एसीची बचत वेगळी काढा. सरासरी ११.४ किलोवॅट उष्णता कमी होते, म्हणजे सव्वातीन टन. पण बारवरची बरीचशी गरम हवा वरच साचते, ती सगळी एसीच्या वाट्याला येत नाही. अर्धी धरा, १.६ टन. टनाला १.२ किलोवॅटनं ४ तास, ९० वेळा: सुमारे ६९० युनिट, ९,७०० रुपये.

दिवे: पार-६४ मधल्या सीपी६२ दिव्याचं नोंदवलेलं आयुष्य ३०० तास. डिमरवर कमी ठेवला की जास्त टिकतो, गरम असताना बार हलवला की लवकर जातो. वर्षाला २० दिवे, सरासरी १,८०० रुपये असं अंदाजानं धरलं तर ३६,०००. जिलेटिन (दिव्यापुढच्या रंगीत फिल्म) १५,०००. हे दोन आकडे तुमच्या खरेदीच्या बिलांवरून दुरुस्त करून घ्या.

एकूण १,३२,००० ते १,३३,००० वर्षाला. २२ लाखांना साडेसोळा वर्षं. तेवढ्या काळात निदान एकदा तरी ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारे भाग) बदलावे लागतील, म्हणजे नुसत्या वीजबिलाच्या जोरावर हे कधीच जमत नाही. विश्वस्तांना हे स्पष्ट सांगा. एलईडी करायची कारणं दुसरी आहेत आणि ती चांगली आहेत, पण “दोन वर्षांत वसूल” हे त्यातलं नाही.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. २० किलोवॅटच्या वर असाल तर महावितरणच्या बिलावर करार मागणी, नोंदवलेली कमाल मागणी आणि प्रत्यक्ष आकारलेली मागणी असे रकाने असतात. मागची १२ बिलं काढून तिन्ही आकडे एका कागदावर ओळीनं लिहा. आकारलेली मागणी १५ केव्हीएनं (मागणी मोजायचं एकक) उतरत असेल आणि दर समजा केव्हीएला महिन्याला ४५० रुपये असेल, तर १५ × ४५० × १२ = ८१,००० रुपये. ही रक्कम वीज-युनिटांच्या बचतीपेक्षा मोठी आहे. हॉल बंद असलेल्या महिन्यातही हा आकार लागतो, म्हणून. पण करार कमी करण्याआधी विचार करा: स्नेहसंमेलनाला बाहेरचा लाइटवाला स्वतःचे शार्पी (फिरत्या झोताचे दिवे), पार, स्मोक मशीन घेऊन येतो आणि तुमच्याच मेनवर जोडतो. त्या एका रात्री करार ओलांडला तर दंडाचा आकार लागतो. एलईडी बसल्यावर निदान सहा महिन्यांची नोंदवलेली मागणी बघावी आणि मगच अर्ज करावा.

हॅलोजन बंद होण्याबद्दल: युरोपियन संघाचे नवे नियम सप्टेंबर २०२१ पासून लागू झाले, पण रंगमंचाच्या खास बेसच्या दिव्यांना (जी९.५, जीएक्स९.५ वगैरे) त्यात सूट आहे. उद्या सकाळी मिळणारच नाहीत अशी स्थिती नाही. चालू दिव्यांचे २०-२५ नग साठ्याला घेऊन ठेवा, घाईचा प्रश्न संपतो.

अंबडचा_पॅनलवाला
कोटेशनमध्ये काय नाही, ते सांगतो. सगळ्यात मोठी राहिलेली गोष्ट म्हणजे थेट वीजपुरवठा.

तुमच्या बारवरचे सगळे सॉकेट डिमरमधून येतात. एलईडी फिक्स्चर डिमरच्या सॉकेटवर लावायचं नाही, फेडर १०० टक्क्यांवर कायम ठेवला तरी नाही. डिमरमधला थायरिस्टर (तरंग कापून उजेड कमी करणारा भाग) पूर्ण उघडा असतानाही तरंगाचा थोडा भाग कापतो, शिवाय त्याला किमान भार लागतो. मंद एलईडी इतका कमी प्रवाह घेतो की थायरिस्टर मध्येच बंद-चालू होतो आणि दिवा लुकलुकतो. आणि कोणी चुकून तो फेडर अर्ध्यावर आणला की कापलेला तरंग सरळ एसएमपीएसमध्ये (फिक्स्चरच्या आतला वीजपुरवठा) जातो, आतले कपॅसिटर तापून जातात. डिमरच्या मेनूत “स्विच मोड” असतो, तोही उपयोगाचा नाही, कारण आत थायरिस्टर तोच. रॅकमध्ये रिले मॉड्यूल (नुसतं चालू-बंद करणारं) बसत असेल तर ते, नाहीतर वेगळं वितरण पॅनल.

तुमच्यासाठी एक तीन-फेज पॅनल पुरेल: ६३ अँपिअरचा चार-पोल मेन, सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, ९ आउटगोइंग (बाहेर जाणाऱ्या लाइन) १६ अँपिअरच्या, आणि सगळ्यांना मिळून एक कॉन्टॅक्टर (बटणानं चालणारा मोठा स्विच), ज्याचं बटण लाइट केबिनमध्ये. अंबड-सातपूरला असं पॅनल बनवणारे भरपूर आहेत, तयार कंपनी-पॅनलच्या मागे लागू नका. सिंगल लाइन डायग्राम मात्र परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या, विद्युत निरीक्षकांच्या तपासणीत तोच कागद मागतात.

कॉन्टॅक्टर का? फिक्स्चर अंधारात असतानाही १० वॅटच्या आसपास घेतं. ४४ फिक्स्चर रात्रंदिवस चालू राहिली तर ४४० वॅट × ८,७६० तास = ३,८५४ युनिट, सुमारे ५४,००० रुपये. वर काढलेल्या ७२,००० च्या बचतीतले तीन चतुर्थांश तिथेच गेले. एक बटण आणि ते दाबायची सवय, इतकंच हवं.

एमसीबी (प्रवाह वाढला की पडणारे स्विच) सी-कर्व्हचे, म्हणजे क्षणभराचा झटका सोसणारे घ्या. २०० वॅटचं फिक्स्चर चालू स्थितीत एक अँपिअरसुद्धा घेत नाही, म्हणून लोक एका एमसीबीवर १५ लावतात. पण चालू होताना प्रत्येकाचा एसएमपीएस क्षणभर कित्येक अँपिअर खेचतो आणि सगळे एकदम चालू केले की एमसीबी पडतो. एका १६ अँपिअरवर ६ ते ८ फिक्स्चर, त्याहून जास्त नको. आरसीसीबीचंही (वीज गळली की पडणारा स्विच) तसंच. प्रत्येक एसएमपीएसच्या फिल्टरमधून १ ते १.५ मिलीअँपिअर गळती अर्थिंगला जातेच. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो. एका आरसीसीबीवर ८ फिक्स्चर धरा, आणि एकाच आरसीसीबीवर सगळा मंच कधीच नको. प्रयोगाच्या मध्यात पडला तर पूर्ण काळोख होईल.

न्यूट्रल फेजइतकाच जाड ठेवा. स्वस्त एसएमपीएसचा पॉवर फॅक्टर ०.६ च्या आसपास असतो, त्यातला तिसरा हार्मोनिक (तिप्पट वारंवारतेचा प्रवाह) तिन्ही फेजचा मिळून न्यूट्रलमध्ये साठतो. खरेदीच्या अटीत पॉवर फॅक्टर ०.९ किंवा वर असं लिहा.

आता डीएमएक्स, म्हणजे बोर्डाकडून दिव्यांना हुकूम देणारा सिग्नल. हॅलोजनमध्ये सिग्नल फक्त डिमर रूमपर्यंत जायचा, आता तो प्रत्येक दिव्यापर्यंत न्यावा लागतो. ११० ते १२० ओहमची डेटा केबल घ्या. माइकची केबल १० मीटरवर चालते, ४० मीटरवर दिवे झटके देतात. एका दिव्यातून दुसऱ्यात अशी साखळी करायची, वाय-जोड करायचा नाही. एका साखळीत जास्तीत जास्त ३२ उपकरणं, प्रत्यक्षात २० वर थांबा. शेवटच्या दिव्याच्या आउटमध्ये पिन २ आणि ३ च्या मध्ये १२० ओहमचा रेझिस्टर लावलेला प्लग. पाच-दहा रुपयांचा भाग, पण तो नसला की सिग्नल टोकावरून परततो आणि कुठलाही दिवा कधीही लुकलुकतो, मग लोक दिवे दुरुस्तीला पाठवत बसतात. ऑप्टो-आयसोलेटेड ८ आउटचा स्प्लिटर (एकाच सिग्नलच्या आठ अलग वाटा करणारा) घ्या: समोरचा बार, मंचाचे तीन बार, सायक्लोरामा, डिमर, आणि दोन पाहुण्यांसाठी मोकळे. आयसोलेशन असल्यानं एका दिव्यात वीज उतरली तरी बाकी साखळ्या आणि बोर्ड वाचतो.

पॅनल, वायरिंग, डीएमएक्स मिळून पूर्ण रूपांतराला साडेतीन ते चार लाख वेगळे धरा. म्हणजे तुमचे २२ खरे २६ आहेत.

रंगीत_तालीम
माझं लक्ष प्रकाशाकडे, म्हणून मी वेगळ्या बाजूनं लिहितो. सगळे ४४ एकदम बदलू नका. रंगाचं काम करणारे दिवे आधी, चेहऱ्याचे सगळ्यात शेवटी.

सायक्लोरामा आणि पार हे एलईडीचं हक्काचं क्षेत्र. गडद निळ्या जिलेटिनमधून हॅलोजनचा जेमतेम काही टक्के प्रकाश बाहेर पडतो, ९०० हून जास्त वॅटची नुसती उष्णता होते आणि जिलेटिन दोन-चार प्रयोगांत पांढरं पडतं. निळा एलईडी तो रंग थेट तयार करतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या किंवा एकांकिकेच्या दिवसांत एकापाठोपाठ संघ येतात, प्रत्येकाला सायक्लोरामाचा वेगळा रंग हवा असतो. शिडी लावून सहा फ्लडचे जिलेटिन बदलायला जो वेळ जातो तो एलईडीत उरतच नाही. नाशिकच्या हौशी संघांना सेटिंगला मिळणारी ती अर्धी-पाऊण तासाची भर माझ्या मते वीजबिलापेक्षा मोलाची आहे.

चेहऱ्याचं तसं नाही. लाल-हिरवा-निळा मिसळून केलेला पांढरा भिंतीवर ठीक दिसतो, कातडीवर दिसत नाही, कारण पिवळा-नारिंगी भाग त्या प्रकाशात जवळजवळ नसतो. चेहरा राखाडी किंवा गुलाबी पडतो. समोरच्या बारला रंगीत फिक्स्चर नकोच, ३२०० केल्विनचा एकरंगी पांढरा घ्या: सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या पुढे, आणि आर९ वेगळा विचारा. आर९ हा गडद लालचा आकडा. तो कमी असला की कुंकू तपकिरी दिसतं आणि लाल शालू काळवंडतो. विक्रेता फक्त “सीआरआय ९०” म्हणाला तर त्यात आर९ कितीही कमी असू शकतो.

डेमो हॉलमध्येच मागवा, शोरूममध्ये बघून ठरवू नका. जुन्या पीसीत नवा दिवा घालून शेजारी डेमोचा दिवा लावा, दोघांचा झोत मंचाच्या मध्यावर सारखा रुंद करा आणि लक्समीटरनं मोजा. कोटेशनवरचे वॅट बघून प्रकाशाचा अंदाज येत नाही. मग दोन्ही २० सेकंदांत शून्यावर न्या. हॅलोजन विझताना तांबूस होत जातो. एलईडी शेवटच्या ५ टक्क्यांत पायऱ्या-पायऱ्यांनी उतरला तर तो ८ बिटवर (मोजक्याच पायऱ्यांवर) आहे, १६ बिटचा मोड मागा. समईच्या उजेडाचा प्रसंग असेल तर हीच परीक्षा निर्णायक. ब्लॅकआउटही पाहा: एलईडी क्षणात विझतो, हॅलोजनची तार थोडा वेळ तांबडी राहते. दोन्ही एकत्र वापरणार असाल तर एलईडीच्या मेनूत हॅलोजनसारखा उशीर देणारी सेटिंग असते, ती लावून पाहा.

पंख्यांचा आवाज तपासायला एसी बंद करून तिसऱ्या रांगेत बसा. एक दिवा शांत वाटतो, वीस दिव्यांची घरघर संवादाच्या विरामात ऐकू येते. आणि मोबाइल नव्हे, खऱ्या कॅमेऱ्यानं वेगळ्या शटरवर चित्रीकरण करून बघा. पट्टे दिसले तर पीडब्ल्यूएमची (वेगानं चालू-बंद करून दिवा मंद करण्याची) वारंवारता कमी आहे. स्पर्धांचं चित्रीकरण सगळेच संघ करतात.

स्वस्त पारचा एक दोष लक्षात ठेवा: डीएमएक्स तुटला की ते आपोआप रंग बदलायला किंवा आवाजावर नाचायला लागतात. मेनूत “सिग्नल गेल्यावर शेवटची स्थिती धरून ठेवणे” हा पर्याय नसेल तर ते नाटकासाठी घेऊच नयेत.

गंगापूररोडकर
खूप उपयोगी माहिती, मनापासून आभार. विश्वस्त या वर्षी ७ लाखांपर्यंत तयार होतील. एवढ्यात पहिला टप्पा बसेल का? दुसरं, जुन्या पीसी-फ्रेनेलच्या बॉडीतच एलईडी बसवून देणारे आहेत, ते स्वस्त पडतं. तो मार्ग कसा? आणि मुंबई-पुण्याची दौऱ्यावरची नाटकं आली तर त्यांना चालेल का?

सातपूर_मीटर
बसतो. तुमच्या कोटेशनच्याच पातळीचे दर धरून: सायक्लोरामाला ६ एलईडी, ३५,००० प्रमाणे २.१ लाख. १६ पारच्या जागी झूम असलेले १० आरजीबीडब्ल्यू वॉश (लाल-हिरवा-निळा-पांढरा मिसळणारे, पसरट उजेडाचे), २८,००० प्रमाणे २.८ लाख. झूम असल्यानं १६ ची गरज राहत नाही. ४.९ लाखांवर १८ टक्के जीएसटी धरून ५.७८. उरलेल्या सव्वा लाखात छोटं पॅनल (सध्या ३ आउटगोइंग, पण पेटी ९ ची), स्प्लिटर, केबल.

यात नवा कंट्रोलर बसत नाही आणि ४८ फेडरवर हे चालणार नाही. वॉशला ९ चॅनल × १० = ९०, सायक्लोरामा ६ × ६ = ३६, डिमर ४८. एकूण १७४, म्हणजे ५१२ चॅनलच्या एकाच युनिव्हर्समध्ये (डीएमएक्सच्या एका वाटेत) आरामात. या वर्षासाठी लॅपटॉप, चांगला आयसोलेटेड यूएसबी-डीएमएक्स इंटरफेस आणि फेडर विंग पुरेल, पुढच्या वर्षी कन्सोल. पत्ते ठरवताना जागा सोडा: डिमर १ ते ४८, वॉश १०१, १११, १२१ असे दहाच्या टप्प्यानं, सायक्लोरामा २०१ पासून. पाहुण्या ऑपरेटरसाठी हा तक्ता केबिनच्या भिंतीवर लावून ठेवा.

जिलेटिनचा जवळजवळ सगळा खर्च आणि तुमच्या एकूण भारातला अर्धा या टप्प्यात जातो. वर्षाला ७० ते ७५ हजार वाचतील. वसुली नऊ-दहा वर्षं, पण इथे निदान फिक्स्चरच्या आयुष्यात बसते.

अंबडचा_पॅनलवाला
जुन्या बॉडीत एलईडी: फ्रेनेलमध्ये बरा चालतो, पीसीत नको. हॅलोजनची तार सेंटीमीटरभर असते आणि मागचा आरसा तिचा प्रकाश पुढे आणतो, भिंगाचं अंतर त्या हिशोबानं ठरलेलं. सीओबी एलईडी रुपयाएवढी सपाट चकती, आरसा निरुपयोगी. पीसीच्या गुळगुळीत भिंगातून तिचीच प्रतिमा पडते, कडेला पिवळं वर्तुळ दिसतं. फ्रेनेलच्या रेषांमुळे ते झाकलं जातं. शिवाय २०० वॅटच्या सीओबीला बंद डब्यात हीटसिंक पुरत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या बारवर मंचापेक्षा बरंच जास्त तापमान असतं, तिथे चिप मंद होते किंवा ड्रायव्हर जातो. करायचंच असेल तर एक फ्रेनेल करून मे महिन्यात सलग ४ तास १०० टक्क्यांवर चालवून बघा.

दौऱ्याच्या नाटकांसाठी डिमर काढू नका. दोन रॅक, २४ चॅनल, बारवर १६ अँपिअरच्या तीन पिनी सॉकेटसकट कायम ठेवा. कालिदास किंवा साईखेडकरला (नाशिकची नाट्यगृहं) प्रयोग करणारी मंडळी तुमच्याकडे आली तर त्यांचा प्लॉट (प्रकाशयोजना) समोरच्या हॅलोजनवर बेतलेला असू शकतो. एलईडीचे सॉकेट वेगळ्या रंगाचे किंवा वेगळ्या प्रकारचे ठेवा, म्हणजे घाईत कोणी एलईडी डिमरवर लावणार नाही.

पंचवटी_दुरुस्ती
खरेदीच्या अटींत एवढं घाला: एका प्रकारची सगळी फिक्स्चर एकाच लॉटची, नाहीतर दोन पांढरे शेजारी जुळत नाहीत. पुढच्या टप्प्याच्या वेळी हेच मॉडेल मिळेल अशी अपेक्षा धरू नका, म्हणून बार पूर्ण करूनच टप्पा पाडा. प्रत्येक प्रकाराचा एक पूर्ण नग, दोन एसएमपीएस आणि चार पंखे पहिल्याच दिवशी साठ्याला घ्या. “५०,००० तास” हे चिपचं आयुष्य आहे, त्यावर प्रकाश ७० टक्क्यांवर येतो. प्रत्यक्षात आधी जातात ते पंखे आणि एसएमपीएस. वॉरंटी तीन वर्षांची, दुरुस्ती नाशिकमध्ये किंवा सात दिवसांत बदली नग, असं लेखी घ्या.

देखभाल सोपी आहे पण चुकवायची नाही. दर सहा महिन्यांनी ब्लोअरनं हीटसिंक साफ करा, पंख्याचं पातं बोटानं धरून, नाहीतर हवेनं जोरात फिरून बेअरिंग जातं. पडद्यांचा कापूस आणि मंचावरची धूळ हीटसिंकच्या फटीत घट्ट बसते. पावसाळ्यात हॉल महिना-दीड महिना बंद राहिला तर आठवड्यातून एकदा तासभर सगळे दिवे चालू ठेवा, आतली ओल सुकते. जनरेटरवर जाताना आणि परत येताना कॉन्टॅक्टर आधी बंद, पुरवठा स्थिर झाल्यावर चालू. आणि जुने १६ पार उतरले की बारचा तोल बदलतो. हातानं खेचायचा काउंटरवेट बार (दुसऱ्या बाजूला वजनं ठेवून तोललेला) असेल तर बार खाली आणून आधी वजनं तेवढीच कमी करा आणि मगच जुने दिवे उतरवा; चढवताना आधी नवे दिवे, मग त्यांची वजनं. प्रत्येक दिव्याला वेगळी सेफ्टी चेन.